राष्ट्रीय फुटबॉल-संघांचें बलाबल : स्पर्धेपूर्वीं तें कसें जोखावें ?

फुटबॉलची एखादी मोठी स्पर्धा तोंडावर आली कीं शाळेच्या आवारांत ज्योतिष्यांचें पीक येतें. मधल्या सुटींत डबा उघडण्यापूर्वींच "यंदां चषक जपानचाच," "छे, इराणपुढें त्यांचा टिकाव लागायचा नाहीं," असे निकाल लागूं लागतात. आणि सायंकाळीं तेच विद्यार्थी घरीं जाऊन वडिलांसहि आपल्या मताकडे वळवूं पाहतात. पुढें स्पर्धा होते, भाकितें बहुधा खोटीं ठरतात, आणि जो बोलला तोहि विसरतो व ज्यानें ऐकलें तोहि विसरतो. ह्या विनोदांत वाईट कांहीं नाहीं. परंतु स्पर्धेपूर्वीं संघांचें बलाबल जोखणें ही नुसती करमणूक नसून ती एक विद्या आहे; तिचे कांहीं नियम आहेत; आणि ते समजून घेतल्यास मनुष्यास केवळ खेळाविषयींच नव्हे, तर इतर अनेक गोष्टींविषयीं न्यायानें बोलतां येतें, असें आम्हांस वाटतें. म्हणून ह्या लेखांत त्या विद्येची थोडी ओळख आमच्या विद्यार्थी-मित्रांस व त्यांच्या पालकांस करून देण्याचें आम्ही योजिलें आहे.

कोणतीहि विद्या उदाहरणावांचून मनांत ठसत नाहीं, यास्तव एक खरें उदाहरण घेऊं. आशिया खंडांतील राष्ट्रांमध्यें फुटबॉलची जी स्पर्धा होते, तिला 'आशियाई चषक' असें म्हणतात. ती १९५६ सालीं हाँगकाँग येथें प्रथम झाली, तेव्हां तींत अवघे चार संघ होते. २००७ सालीं इंडोनेशिया, मलेशिया, थायलंड व व्हिएतनाम ह्या चार देशांनीं मिळून ती भरविली. त्या वेळीं संघ १६ होते. चार-चार संघांचे चार गट, प्रत्येक गटांतून दोन संघ पुढें, आणि त्यानंतर जो हरला तो बाद, अशी तिची रचना होती. वाचकहो, त्या वर्षाच्या जुलै महिन्याच्या आरंभीं आपण न्यायासनावर बसलों आहों, आणि एकहि सामना होण्यापूर्वीं आपणांस निवाडा लिहावयाचा आहे, अशी क्षणभर कल्पना करूं.

समोर कोण कोण उभे आहेत ? पहिला जपान. ह्यानें २००० व २००४ असे लागोपाठ दोन चषक जिंकलेले. दुसरा ऑस्ट्रेलिया. हा देश २००६ सालीं आशियाई संघटनेंत नव्यानेंच दाखल झाला, आणि त्याच वर्षींच्या विश्वचषकांत शेवटच्या सोळांत पोंचून, पुढें जगज्जेता ठरलेल्या इटलीकडून केवळ एका गोलानें हरला. तिसरा दक्षिण कोरिया; २००२ च्या विश्वचषकांत चौथा आलेला. त्यांच्या मागें इराण व सौदी अरेबिया. दोघांनींहि हा चषक पूर्वीं तीन-तीन वेळां नेलेला. आणि ह्या सर्वांच्या मागें, एका कोपऱ्यांत, इराक. ह्या देशांत २००३ पासून युद्ध व यादवी पेटलेली. संघाला स्वदेशांत सामने खेळण्याची सोय नाहीं. सराव शेजारच्या जॉर्डन देशांत. जोर्वान व्हिएरा हे ब्राझिली प्रशिक्षक येऊन जेमतेम दोन महिने झालेले. खेळगड्यांत कोणी शिया, कोणी सुन्नी, कोणी कुर्द. आणि त्यांच्या घरच्या रस्त्यांवर तेच समाज एकमेकांचें रक्त सांडीत असलेले. अशा संघास आपण कितवें स्थान दिलें असतें ? प्रामाणिकपणें सांगावयाचें तर आम्हीहि त्यास मागच्याच बाकावर बसविलें असतें.

आतां जें घडलें तें पाहा. पहिल्या सामन्यांत इराकनें यजमान थायलंडशीं १–१ अशी बरोबरी केली. दुसऱ्यांत त्यानें बलाढ्य ऑस्ट्रेलियास ३–१ असें हरविलें. तिसरा, ओमानशीं, ०–० असा सुटला. पुढें व्हिएतनामवर २–० असा विजय मिळाला. २५ जुलै रोजीं उपांत्य सामन्यांत दक्षिण कोरियाशीं एकहि गोल झाला नाहीं, आणि पेनल्टींच्या फेरींत इराक ४–३ असा तरला. त्या संध्याकाळीं बगदादचे लोक आनंदानें रस्त्यांवर आले, तेव्हां त्यांच्या गर्दींत स्फोट घडवून सुमारें ५० जणांचे प्राण घेण्यांत आले. चार दिवसांनीं, २९ जुलै रोजीं, जकार्ता येथें अंतिम सामना झाला. उत्तरार्धांत कॉर्नरवरून आलेला चेंडू कर्णधार यूनिस महमूद यानें डोक्यानें जाळ्यांत धाडला, आणि सौदी अरेबियास १–० असें हरवून इराकनें आपला पहिला आशियाई चषक जिंकला.

असा निकाल लागला म्हणजे लोक दोन प्रकारचे उद्गार काढतात. कोणी म्हणतात, "हा तर चमत्कार !" दुसरे म्हणतात, "पाहा, अंदाज बांधणें म्हणजे निव्वळ वेडेपणा. खेळांत कांहींहि होऊं शकतें." आमच्या मतें हे दोन्ही उद्गार आळसाचे आहेत, कारण दोहोंतहि विचार करण्याचे श्रम वांचतात. गल्याथापुढें उभ्या राहिलेल्या दावीदाची कथा आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. त्या कथेंतील मुलाचें लहानपण सर्वांच्या लक्षांत राहतें, पण मेंढरें राखतांना ज्या गोफणीवर त्याचा हात बसला होता, ती गोफण आपण विसरतों. देवावरील श्रद्धा तर त्याच्यापाशीं होतीच. पण गोफणहि होती. दुबळा दिसणारा संघ मैदानांत उतरला म्हणजे परीक्षकानें पहिला प्रश्न हा विचारावा कीं, ह्याच्या हातांत गोफण आहे काय ?

इराकच्या हातांत ती होती, आणि पाहणाऱ्यास ती अगोदर दिसण्यासारखीहि होती. २००४ सालच्या अथेन्स ऑलिंपिकमध्यें इराकचा संघ चौथा आला होता. तेथें त्यानें पोर्तुगालला ४–२ असें हरविलें, आणि उपांत्यपूर्व सामन्यांत ऑस्ट्रेलियास १–० असें बाद केलें. ऑलिंपिकमध्यें फुटबॉलचे संघ मुख्यतः २३ वर्षांखालील खेळाडूंचे असतात. म्हणजे अथेन्समध्यें जे तरुण होते, ते २००७ सालीं ऐन उमेदीच्या वयांत आले. यूनिस महमूद, नशअत अक्रम, हवार मुल्ला महंमद, गोलरक्षक नूर सबरी हे सारे अथेन्सच्या चमूंतले. शिवाय २००६ च्या दोहा येथील आशियाई खेळांत इराकनें दुसरें स्थान मिळविलें होतें. युद्धाच्या धुरानें आपले डोळे इतके भरून गेले होते कीं त्यामागें एकत्र वाढत असलेले अकरा गडी आपणांस दिसले नाहींत. ह्यावरून ह्या विद्येचा पहिला नियम निघतो : देशाचें नांव, त्याची संपत्ति किंवा विपत्ति हीं जोखूं नका, जे अकरा जण मैदानांत उतरणार, ते कोण, किती वर्षें एकत्र खेळत आहेत, आणि त्यांनीं कोणाला हरविलें आहे, हें पाहा.

दुसरा नियम समजण्यासाठीं ह्या खेळाचा स्वभाव ध्यानांत घेतला पाहिजे. क्रिकेटमध्यें धांवा शेंकड्यांनीं निघतात. कबड्डींतहि गुणांची संख्या पुष्कळ मोठी होते. जेथें मापें पुष्कळ, तेथें एखादी चूक इतरांत बुडून जाते व बलवान् संघ बहुधा वर येतो. फुटबॉलमध्यें गोल फार थोडे. २००४ सालच्या युरोपीय राष्ट्रांच्या स्पर्धेंत ३१ सामने झाले आणि गोल झाले ७७. म्हणजे सामन्यास सरासरी अडीच, तेहि दोन्ही संघांचे मिळून! जेथें सारा निवाडा दोन-तीन क्षणांवर अवलंबून, तेथें एक निसटलेला चेंडू, एक घसरलेला पाय, पंचाची एक शिटी नव्वद मिनिटांच्या श्रेष्ठत्वाचें पाणी करूं शकते. म्हणून फुटबॉलमध्यें दुबळ्याची आशा इतर पुष्कळ खेळांहून मोठी असते. हें दैव नव्हे, हें गणित आहे.

ह्याच गणितांतून तिसरा नियम येतो. गोल जर इतके दुर्मिळ, तर गोल न होऊं देणाऱ्याची किंमत मोठी. पण प्रेक्षकांचे डोळे नेहमीं आघाडीच्या खेळाडूंवर खिळलेले असतात, आणि बचावाचें मोल त्यांच्या ध्यानांत येत नाहीं. नुकत्याच सांगितलेल्या २००४ च्या युरोपीय स्पर्धेंत ग्रीसला कोणी विचारांत घेतलें नव्हतें. आणि त्यांत नवल नव्हतें, कारण १९९४ च्या विश्वचषकांत हा संघ तीन सामन्यांत १० गोल खाऊन व एकहि न करतां परतला होता. परंतु ऑटो रेहागेल हे जर्मन प्रशिक्षक २००१ सालीं आल्यानंतर काय बदललें, तें पात्रता-फेरीच्या आंकड्यांत लिहिलेलें होतें. त्या फेरींतील पहिले दोन सामने ग्रीसनें गमावले. पुढचे सहाच्या सहा जिंकले, आणि त्या सहांत एकहि गोल स्वीकारला नाहीं. त्यांतला एक विजय स्पेनवर होता. पुढें मुख्य स्पर्धेंत फ्रान्स, चेक प्रजासत्ताक व यजमान पोर्तुगाल ह्यांस ग्रीसनें ओळीनें १–० असें हरविलें व चषक नेला. इराकचीहि गोष्ट तीच : सहा सामन्यांत त्याच्यावर दोनच गोल झाले, आणि शेवटच्या चार सामन्यांत एकहि नाहीं. तेव्हां संघाचें बल पाहतांना त्यानें किती गोल केले एवढेंच नव्हे, किती होऊं दिले नाहींत, हेंहि मोजा.

चौथा नियम गुणाकाराचा आहे, आणि आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं तो स्वतः करून पाहावा. समजा, एखादा संघ इतका चांगला आहे कीं बाद फेरीच्या कोणत्याहि सामन्यांत तो पुढें जाण्याचा संभव शंभरांत ६० आहे. चषकासाठीं त्यास असे तीन सामने ओळीनें जिंकले पाहिजेत. मग त्याची एकूण आशा किती ? पुष्कळजण ६० च सांगतील. पण शंभरांतल्या ६० चे पुन्हां शंभरांतले ६० घेतले म्हणजे ३६ होतात, आणि त्यांचे पुन्हां तसेच घेतले म्हणजे २१ किंवा २२ उरतात. म्हणजे प्रत्येक सामन्यांत वरचढ असणारा संघहि पांचांतल्या जवळजवळ चार वेळां रिकाम्या हातानें घरीं जाणार ! प्रत्येक सामन्यांत ८० चा संभव असला, तरी तीन सामन्यांचा मिळून तो कसाबसा ५१ भरतो. म्हणून "अमुक संघ सर्वांत बलवान् आहे" आणि "अमुक संघ जिंकणार" हीं दोन वाक्यें एक नव्हेत. पहिलें खरें असूनहि दुसरें बहुधा खोटें ठरतें.

आतां कोणी विचारील, हे ६० किंवा ८० आणावयाचे कोठून ? ह्यासाठीं एक सुंदर रीत आहे. आर्पाड एलो ह्या नांवाचे, हंगेरींत जन्मलेले व अमेरिकेंत स्थायिक झालेले, पदार्थविज्ञानाचे एक प्राध्यापक होते. त्यांनीं बुद्धिबळपटूंचें बल मोजण्यासाठीं ती बसविली. तिचें तत्त्व सोपें आहे : प्रत्येकाच्या नांवावर कांहीं गुण असतात, जिंकणारा हरणाऱ्याकडून गुण घेतो, पण दुबळ्याला हरविलें तर थोडे, आणि बलाढ्याला हरविलें तर पुष्कळ. जागतिक फुटबॉल-संघटना म्हणजे फिफा १९९२ पासून राष्ट्रीय संघांची क्रमवारी लावीत आली आहे, आणि २०१८ सालीं तिनें एलोंच्या रीतीचा अंगीकार केला. तिच्या हिशेबांत दोन संघ सारख्या गुणांचे असले तर दोघांस ५०–५०. १०० गुणांचें अंतर असलें तर वरच्याकडे सुमारें ६०. आणि ६०० गुणांचें असलें तर सुमारें ९१. (बरोबरी ही येथें अर्धा विजय धरिली जाते.) मित्रत्वाच्या सामन्यास थोडें वजन व विश्वचषकाच्या सामन्यास अधिक, अशीहि व्यवस्था तींत आहे. ही मोजपट्टी चांगली आहे. मात्र ती भूतकाळाची आहे. गोलरक्षकाचा हात काल सरावांत दुखावला, हें तिला समजत नाहीं. आणि तरुणांचा एक चमू नुकताच वयांत आला, हेंहि तिला उशिरां कळतें. म्हणून आरंभ क्रमवारीपासून करावा, पण तेथेंच थांबूं नये.

क्रमवारीवर जीं वजनें पुढें चढवावयाचीं, त्यांत घरच्या मैदानाचें वजन मोठें. १९५६ पासून २०२३ च्या चषकापर्यंत आशियाई चषक १८ वेळां झाला. त्यांपैकीं ८ वेळां तो यजमान देशानेंच जिंकला : १९६० सालीं दक्षिण कोरियानें, १९६४ सालीं इस्राएलनें, १९६८ व १९७६ सालीं इराणनें, १९८० सालीं कुवेतनें, १९९२ सालीं जपाननें, २०१५ सालीं ऑस्ट्रेलियानें आणि २०२३ चा कतारनें. ओळखीची हवा, प्रवासाचा अभाव आणि स्वतःच्या लोकांचा घोष ह्यांचा हा परिणाम. तरीहि घरचें मैदान म्हणजे घरचा चषक नव्हे. २००७ च्या चार यजमानांपैकीं एकटा व्हिएतनाम गटांतून पुढें गेला.

एवढें सगळें वजन करून झाल्यावरहि तराजूच्या बाहेर कांहीं उरतें, हें परीक्षकानें कबूल केलें पाहिजे. १९९२ सालच्या युरोपीय स्पर्धेंत डेन्मार्कास प्रवेशच मिळाला नव्हता. पात्रतेच्या गटांत युगोस्लाव्हियानें त्यास एका गुणानें मागें टाकलें होतें. पण त्या देशांतील युद्धामुळें त्यावर निर्बंध आले, त्याचा संघ वगळण्यांत आला, आणि स्पर्धेच्या तोंडावर डेन्मार्कास बोलावणें धाडण्यांत आलें. तो संघ उपांत्य सामन्यांत नेदरलँड्सशीं २–२ अशा बरोबरीनंतर पेनल्टींवर ५–४ असा जिंकला, आणि अंतिम सामन्यांत त्यानें जर्मनीस २–० असें हरविलें. पात्रतेंत केवळ एका गुणानें मागें राहिलेला संघ दुबळा नव्हता, हें तर खरेंच. पण ते निर्बंध आणि ती पेनल्टींची फेरी ह्यांचा अंदाज कोणता पंडित करूं शकला असता? जो परीक्षक आपल्या निवाड्यांत अशा गोष्टींसाठीं जागा ठेवीत नाहीं, त्याचा आत्मविश्वास मोठा असेल, पण त्याची विद्या अपुरी आहे.

ह्या सर्व नियमांची खरी कसोटी लागते ती स्वतःच्या देशाचा संघ जोखतांना. १९६४ सालीं इस्राएलमध्यें झालेल्या आशियाई चषकांत भारत दुसरा आला, हें आपण अभिमानानें सांगतों, आणि तें सत्य आहे. त्या वर्षीं संघ चारच होते, आणि पात्रता-फेरींतील प्रतिस्पर्ध्यांनीं माघार घेतल्यामुळें भारतास एकहि सामना न खेळतां प्रवेश मिळाला, हेंहि सत्य आहे. आणि आधींचे दोन्ही चषक जिंकलेल्या दक्षिण कोरियास त्या संघानें २–० असें हरविलें, व दोनच वर्षांपूर्वीं, १९६२ सालीं, जकार्ता येथील आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळविलें, हें तिसरें सत्य. जो पहिलेंच सांगतो तो बढाई मारतो. जो दुसरेंच सांगतो तो आपल्या वडीलधाऱ्यांवर अन्याय करितो. तिन्ही एकत्र सांगावीं, हा न्याय. तोच न्याय अलीकडच्या काळासहि लावावा. २०१९ सालीं आपण थायलंडास ४–१ असें हरविलें. शेवटच्या सामन्यांत बहरैनशीं नुसती बरोबरी झाली असती तरी पुढची फेरी आपली होती, पण अगदीं अखेरीस पेनल्टीवर गोल झाला व ती हुकली. २०२३ च्या चषकांत, जो कतारमध्यें २०२४ च्या आरंभीं झाला, आपण तिन्ही सामने हरलों व एकहि गोल करूं शकलों नाहीं. आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं गोव्यांतील फातोर्डा येथें, घरच्या मैदानावर, सिंगापूरनें आपणांस २–१ असें हरविलें, तेव्हां २०२७ च्या चषकाचा मार्गहि बंद झाला. हें लिहितांना आम्हांस आनंद होत नाहीं. परंतु तराजूवर प्रेमाचें बोट ठेवल्यानें माल वाढत नाहीं. आणि उणें किती आहे हें ज्यास ठाऊक नाहीं, त्यास तें भरून काढतां येत नाहीं. देशावर प्रेम करणें आणि देशाच्या संघाचें वजन चुकीचें सांगणें ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत.

येथें पालकांच्या मनांत एक शंका येईल. अशी विद्या मुलांस शिकविली तर तीं पैजा लावूं लागणार नाहींत काय ? आमचा अनुभव असा कीं, पैज लावणारा व जोखणारा हे एकमेकांच्या उलट वागतात. पैज लावणाऱ्यास एकच उत्तर पाहिजे असतें, आणि तें खरें ठरावें म्हणून तो तळमळतो. जोखणारा उत्तराचे हिस्से करितो : ह्यास शंभरांत २५, त्यास १५, त्या तिसऱ्यास ५, आणि सर्वांची बेरीज शंभर भरते कीं नाहीं, हें पाहतो. वरचा गुणाकार ज्यानें एकदां स्वतः केला, त्याला सर्वांत खात्रीचा समजला जाणारा संघहि किती डळमळीत पायावर उभा असतो, हें कळतें. आणि ज्यास हें कळलें, तो घरचा पैसा त्यावर लावणार नाहीं.

अशा हिशेबाची परीक्षाहि एका निकालावरून करूं नये. एखाद्या परीक्षकानें २००७ सालीं इराकला शंभरांत ५ हिस्से दिले असते, तर तो चुकला काय ? नाहीं. त्यानें ज्या ज्या संघांस आयुष्यभर पांच-पांच हिस्से दिले, त्यांतले विसांत एक ह्या प्रमाणांत जिंकले, तर त्याचा तराजू बरोबर आहे. चुकला तो, ज्यानें इराकच्या नांवापुढें शून्य लिहिलें. कारण शून्य हा अंदाज नव्हे. तें न पाहतां लावलेलें दार आहे.

आणि येथें आम्हांस आमच्या वाचकांशीं, विशेषतः त्यांतील वडील मंडळींशीं, दोन शब्द बोलावयाचे आहेत. स्पर्धेपूर्वीं निवाडा देण्याची संवय केवळ मैदानापुरती राहत नाहीं. घरोघरीं, आणि वर्गावर्गांतहि, "ह्याला गणित यायचेंच नाहीं," "ही कांहीं पुढें शिकायची नाहीं," असें परीक्षेच्या आधींच लिहून टाकलें जातें. तेंहि बहुधा घराची स्थिति, कपडे किंवा मागच्या इयत्तेचे गुण एवढेंच पाहून. मुलाचें वजन खोटें फुगवून सांगावें, असें आमचें म्हणणें नाहीं. ज्याची तयारी कमी त्यास ती कमी आहे असेंच सांगावें. पण त्याच्या हातांत कोणती गोफण आहे हें आधीं पाहावें, आणि कितीहि थोडे हिस्से द्यावयाचे असले, तरी पुरतें पाहिल्यावांचून कोणाच्या नांवापुढें शून्य लिहूं नये. जकार्ता येथें चषक उचलणाऱ्या त्या गड्यांच्या घरीं दुःख होतें, देशांत भय होतें, आणि जगाच्या हिशेबांत त्यांचा हिस्सा अगदीं थोडा होता. पण तो शून्य नव्हता, आणि त्यांनीं तो पुरेपूर वापरला.

तर विद्यार्थी-मित्रहो, पुढील स्पर्धेच्या वेळीं नुसतें बोलूं नका. एक कागद घ्या. संघांचीं नांवें लिहा. अकरा जण कोण, गोल किती केले व किती अडविले, मैदान कोणाचें, गटांत कोण, हें पाहून प्रत्येकापुढें शंभरांतले हिस्से मांडा, आणि खालीं तारीख घाला. स्पर्धा संपल्यावर तो कागद फाडूं नका. जपून ठेवा, व पुढच्या वेळीं त्याच्या शेजारीं दुसरा ठेवा. असे आठ-दहा कागद जमले म्हणजे संघांविषयीं तर तुम्हांस पुष्कळ कळेलच, पण स्वतःच्या नजरेविषयीं त्याहूनहि अधिक कळेल.